माल्टाच्या शेळ्या

धारोष्ण दुधाचे माहात्म्य आपल्याकडे इतके दृढमूल आहे की, निरशा दुधातून ज्वर येतो असे एखाद्या डॉक्टराने सांगितले, तर श्रोत्यांना प्रथम त्याच्या विद्वत्तेचीच शंका यावयाची. माल्टा बेटावरील इंग्रज अंमलदारांनाही गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत दुधाचा संशय आला नव्हता. आणि तेथील शेकडो शिपाई व खलाशी तर दरसाल अशा तापाने अंथरुणास खिळत, की जो रात्री घामाने अंग भिजवून उतरावा, पुन्हा चढावा आणि महिनोन् महिने सांधे व कंबर धरून ठेवावी. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मृतांच्या प्लीहेतून त्याचा जंतू हस्तगत केला, म्हणूनच या रोगास आज ब्रुसेलोसिस म्हणतात. पण तो जंतू माणसात शिरतो कोठून, हे कोडे आणखी अठरा वर्षे सुटले नाही. अखेर 1905 मध्ये थेमिस्टॉक्लीस झामित या माल्टीज डॉक्टराने शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा दारोदार फिरून उंबऱ्याशीच दूध देणाऱ्या, दिसावयास धडधाकट अशा त्या शेळ्याच आरोपी ठरल्या. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेस निघालेल्या एका जहाजावर त्यांचे दूध प्यालेले खलाशी आजारी पडले. 1906 साली लष्करात या दुधाची मनाई होताच ताप झपाट्याने ओसरला. बेटावरच्या रयतेच्या घरी मात्र तो राहिला, कारण हुकूम छावणीच्या वेशीपाशीच संपत होता!

गाईम्हशींत याच कुळातील जंतूमुळे जनावर गाभडते. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी तो 1897 मध्येच शोधला होता. पण शेळीचा नि गाईचा हे दोन जंतू सख्खे नातलग आहेत, असे अमेरिकेतील ॲलिस एव्हान्स या विदुषीने 1918 मध्ये मांडले, तेव्हा मोठमोठ्या पंडितांनी ते हसण्यावारी नेले.

दूध उकळले की जंतू मरतो, त्यामुळे आपल्या चहाबाज घरांना फारशी धास्ती नाही. खरा धोका गोठ्यात आहे. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने काढणाऱ्यास हातावरचा लहानसा ओरखडाही पुरतो. मागाहून आलेला ताप हिवताप किंवा विषमज्वर समजला जातो आणि औषध भलतेच चालते. योग्य निदान झाल्यास दोन प्रतिजैविके मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचण्याची लस आहे. ती जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्या पशुवैद्यालाही आपली बोटे सांभाळावी लागतात.