फी भरण्याआधी मोबाईल उघडा



मे-जून आला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं कारण बदलतं. एरवी शेळी, खत, दवाखाना. या दोन महिन्यांत मात्र 'पोरीचं ॲडमिशन'. ठराव लिहिताना आपण विचारतो, किती पाहिजेत, किती हप्त्यांत फेडशील. कोणता कोर्स, त्याला मान्यता कुणाची, तो करून काम कुठं मिळतं, हे क्वचितच कुणी विचारतं. शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. चाळीस हजारांचा कोर्स मात्र फ्लेक्स बघून घेतो.

तपासायचं साधन आपल्या हातातच आहे. ज्या मोबाईलवर आपण रील बघतो, त्याच मोबाईलवर कोर्सची आणि नोकरीची खरी माहिती फुकट मिळते. फक्त शोधायची दिशा उलटी ठेवायची. आपण आधी कोर्स शोधतो आणि मग नोकरी. तुम्ही आधी काम शोधा. ते काम देणारे काय मागतात ते वाचा, आणि मग तेवढं देणारा कोर्स शोधा.

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं उदाहरण घेऊ, नर्सिंगचं. तालुक्याच्या स्टँडवर फ्लेक्स असतो : '10वी-12वी पास किंवा नापास, नर्सिंग कोर्स एक वर्ष, 100 टक्के नोकरी'. मुलीला विचारलं तर ती म्हणते, मला सरकारी दवाखान्यात सिस्टर व्हायचंय. मग फ्लेक्स बाजूला ठेवा आणि मोबाईलवर शोधा, 'जिल्हा परिषद आरोग्य सेवक महिला भरती जाहिरात'. ऑगस्ट 2023 मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली होती, त्या जाहिराती अजून सापडतात. जुनी जाहिरात चालते, आपल्याला अर्ज भरायचा नाही, वाचायची आहे. त्यात 'शैक्षणिक अर्हता' असा रकाना असतो. आरोग्य सेवक महिला या पदासमोर बघा. सहाय्यकारी प्रसाविका, म्हणजे आपण ज्याला एएनएम म्हणतो, ते शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. परिचर्या परिषद म्हणजे नर्सिंग कौन्सिल.

या एका ओळीत सगळा उलगडा होतो. एएनएम दोन वर्षांचं असतं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि दोन्हीला 12वी पास लागतं. मग दहावी नापास मुलीला एका वर्षात 'नर्सिंग' शिकवणारा कोर्स कौन्सिलच्या नोंदणीपर्यंत पोहोचणार कसा? नाहीच पोहोचत. तेवढ्यावर काही खासगी दवाखाने मदतनीस म्हणून घेतात, नाही असं नाही. पण मदतनीस म्हणून. ते काम कमी दर्जाचं आहे असं मला म्हणायचं नाही. मुलीला आणि आईला ते पैसे भरण्याआधी माहीत असावं, एवढंच.

आता समजा, संस्था म्हणते आमच्याकडे एएनएमच आहे. मग दुसरी पायरी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर मान्यता असलेल्या संस्थांची यादी बघा. संस्थेचं पूर्ण नाव आणि गाव, दोन्ही जुळलं पाहिजे. एकसारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात. संस्थेने भिंतीवर लावलेली फ्रेम पुरेशी नाही, आपण स्वतः यादीत नाव बघायचं. हीच रीत बाकीच्यांना. आयटीआय असेल तर राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशाच्या साइटवर त्या आयटीआयचं आणि ट्रेडचं नाव हवं. पदवी असेल तर विद्यापीठ खरं आहे का बघा, बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतःच जाहीर करते.

फ्लेक्सवरच्या दोन शब्दांपासून जरा जपून. 'आयएसओ प्रमाणित' आणि 'भारत सरकार नोंदणीकृत'. नोंदणी ही संस्थेची असते, ट्रस्टची किंवा कंपनीची. आपला गट बँकेत, पोर्टलवर नोंदलेला आहे, म्हणून आपण नर्सिंगचं सर्टिफिकेट देऊ शकतो का? तसंच ते. संस्थेची नोंदणी वेगळी आणि कोर्सची मान्यता वेगळी.

शोधताना एक अडचण येते. गुगलवर काही टाकलं की वर जे येतं ते बहुतेक वेळा जाहिरात असते. त्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. ते सोडून खाली या. हल्ली सगळ्यात वर मशीनने तयार केलेलं तयार उत्तरही येतं. ते वाचा, पण त्यावर पैसे भरू नका, त्यात चुका असतात. साइटच्या पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. शेवट 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ती सरकारी साइट, कारण तो शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी', नुसतं 'डॉट इन' कुणीही विकत घेऊ शकतं. नर्सिंग कौन्सिलसारख्या काही खऱ्या संस्थांचा शेवटही वेगळा असतो, तेव्हा शंका आली तर सीआरपी ताईला किंवा मला दाखवा. पत्त्यात मध्येच कुठंतरी 'गव्ह' घुसवलेलं असेल तर ते धरायचं नाही, शेवटच बघायचा.

टाइप करता येत नाही म्हणून अडू नका. गुगलच्या चौकटीत माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोला. जाहिरात इंग्रजीत असेल तर गुगल लेन्सचा कॅमेरा तिच्यावर धरा, मराठी भाषांतर दिसतं. भाषांतर कुठंकुठं विनोदी होतं, पण वय, शिक्षण, फी आणि तारीख एवढं कळतं.

मला विचाराल तर आपल्या भागात सगळ्यात कमी शोधली जाणारी गोष्ट म्हणजे आयटीआय. आई म्हणते, ते पोरांचं. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. फी त्या फ्लेक्सवाल्या कोर्सच्या मानाने अगदी थोडी. शिवणकामाचा ट्रेड आठवी पासवर मिळतो आणि एका वर्षाचा आहे. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. आता इथेही उलटीकडून बघा. 2023 च्या शेवटी महावितरणने विद्युत सहाय्यकांच्या 5347 पदांची जाहिरात काढली होती. ती उघडून वाचा, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड मागितलेला दिसेल, आणि महिलांसाठी राखीव जागाही दिसतील. मुलगी खांबावर चढेल का, हा प्रश्न तिला विचारा, शेजारणीला नको.

पोलीस भरतीचंही तसंच. अकॅडमीची फी भरण्याआधी जाहिरातीतली उंची वाचा. महिलांना साधारण 155 सेंटीमीटर लागते, काहींना सवलत आहे. उंची मोजायला अकॅडमी लागत नाही, घरची भिंत आणि टेप पुरतो.

आणि ताईंनो, हे सगळं फक्त लेकीसाठी नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी अंगणवाडी मदतनीस व्हायचं म्हणतात. 2023 पासून मदतनीस पदालाही 12वी पास लागतं, वय 18 ते 35, विधवा बहिणींना 40 पर्यंत, आणि त्याच गावची रहिवासी हवी. दहावीवर शाळा सुटलेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येतं. हा फॉर्म राज्य बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरतात. पाचवी पास असाल तर दहावीसुद्धा याच फॉर्मने देता येते. हे सांगितलं की बऱ्याच जणी हसतात, 'आता या वयात?' अंगणवाडीची जागा निघेल तेव्हा वय पस्तिशीच्या आत असेल की पुढे, तेवढा हिशोब मात्र करा. शिकायला वयाची अट नाही, त्या नोकरीला आहे. स्वतःचा धंदा करायचा असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये काय प्रशिक्षण चालू आहे ते विचारा. बँकेमार्फत चालतं, राहणं-जेवण फुकट असतं.

शोधाशोध सुरू केली की मोबाईलवर नोकरीचे मेसेजही यायला लागतात. 'घरबसल्या काम, रोजचे दोन हजार, आधी 500 रुपये नोंदणी'. काम देणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. सरकारी भरतीला परीक्षा शुल्क असतं, पण ते भरतीच्या साइटवर भरायचं असतं, कुणाच्या फोन पे नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढं पुढं सरकतात आणि मग थांबवणं अवघड होतं.

फीचा विषय निघालाच आहे म्हणून. 2024 मध्ये राज्य सरकारने ठरवलं की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. संस्थेत थेट जाऊन मॅनेजमेंटच्या जागेवर प्रवेश घेतला तर ही माफी मिळत नाही. म्हणून 'फॉर्मच्या भानगडीत कशाला पडता, डायरेक्ट ॲडमिशन देतो' असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ कळून घ्या. आपला कोर्स माफीत बसतो का ते महाडीबीटीच्या साइटवर बघा.

शेवटचं, आणि हे गटात आवर्जून वाचून दाखवा. फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी मोबाईल नंबर आणि ईमेल कॅफेवाल्याचा देऊ नका. जागा लागल्याचा मेसेज त्या नंबरवर येतो. हजर व्हायला मोजके दिवस असतात आणि मेसेज दुसऱ्याच्या फोनमध्ये पडून राहतो. घरात कायम राहणारा नंबर द्या, दर महिन्याला बदलणारं सिम नको. लॉगिन आणि पासवर्ड गटाच्या वहीत नको, मुलीच्या वहीत लिहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेयर, हे निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रात किती गर्दी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.