परवान्याच्या मर्यादेखालचे तेल

औद्योगिक प्रदूषण म्हटले की उंच धुराडी आणि मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडणारे रंगीत सांडपाणी आपल्या डोळ्यांसमोर येते. लहान कार्यशाळेच्या कोपऱ्यात ठेवलेल्या तेलाच्या पिंपाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बॉयलर व भट्ट्या तापविण्यासाठी लागणारे फर्नेस ऑइल किंवा जनित्रासाठी साठविलेले डिझेल जमिनीत अथवा गटारात झिरपले, तर त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न बंगळूरमधील राजाजीनगरच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे.

वसाहत आणि नदी

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास देशभर लघुउद्योगांसाठी औद्योगिक वसाहती उभारण्यात आल्या. राजाजीनगरची वसाहत त्याच पिढीतील असून आज तिला लागूनच दाट निवासी वस्ती आहे. या भागातील पाणी वृषभावती नदीच्या खोऱ्यात उतरते. सांडपाण्याने आधीच दूषित झालेली ही नदी पुढे बिडदीजवळील बैरमंगल तलावात जाते. त्या तलावाच्या पाण्यावर शेती होते. अखेरीस हे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते. शिवाय बंगळूरखालील खडक कठीण असून भूजल त्याच्या भेगांमधून वाहते. भेगांत शिरलेले तेल बाहेर काढणे अत्यंत अवघड असते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य विंधन विहिरी कोरड्या पडल्या होत्या. अशा शहरात उरलेले भूजल दूषित होणे परवडणारे नाही.

थेंबाचे गणित

तोटीतून दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक तेल वाया जाते. नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व वंगण यांचे प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे मानक आहे. याचा अर्थ, केवळ एक किलो तेल एक लाख लिटर स्वच्छ पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

कायद्यातील पोकळी

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. डिझेल 'ब' वर्गात मोडते. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका पात्रात १,००० लिटरहून अधिक नसेल, तर त्यास परवाना लागत नाही. 'क' वर्गातील फर्नेस ऑइलसाठी, नियमांचे पालन केल्यास, ही मर्यादा ४५,००० लिटर आहे. आगीच्या धोक्याच्या दृष्टीने ही सवलत समजण्याजोगी आहे. परंतु पाणी दूषित होण्यास एक पिंपही पुरेसे असते. इंग्लंडमध्ये २००१ च्या नियमांनी २०० लिटरहून अधिक साठा करणाऱ्या उद्योगांवर गळती अडविण्याची व्यवस्था बंधनकारक केली. तेथे एका टाकीभोवतीच्या बांधाची क्षमता टाकीच्या ११० टक्के असावी लागते.

सोपे उपाय

टाकीभोवती तेल झिरपणार नाही असा पक्का बांध, पिंपांखाली पत्र्याची खोल थाळी, वर छप्पर आणि पावसाळी गटारापासून पुरेसे अंतर या मूलभूत गोष्टी आहेत. छप्पर नसेल, तर बांधात पावसाचे पाणी साचते, ते सोडण्यासाठी भोक पाडले जाते आणि बांधाचा हेतूच नष्ट होतो. तोट्या, झडपा व भरण्याची नळी बांधाच्या आतच असाव्यात. सांडलेले तेल वाळू किंवा लाकडाच्या भुशाने टिपावे. साबणाच्या पाण्याने धुतल्यास तेल पाण्यात मिसळून थेट गटारात जाते. तेलाने माखलेला भुसा, टाकीतील गाळ आणि वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो. २०१६ च्या नियमांनुसार तो साधारणतः ९० दिवसांहून अधिक काळ साठविता येत नाही व अधिकृत संस्थेकडेच सोपवावा लागतो.

खर्चाचा प्रश्न

चांगले तेल गळले तर मालकाचे नुकसान होते. म्हणून तो कधी ना कधी तोटी दुरुस्त करतो. गाळ आणि वापरलेले तेल यांना मात्र त्याच्या दृष्टीने फारसे मोल नसते. ते गटारात सोडल्याने त्याचा खर्च वाचतो आणि भार खालच्या शेतकऱ्यावर पडतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. १९९६ मध्ये वेल्लोर येथील चर्मोद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. परंतु एकाच नाल्याला डझनावारी कार्यशाळा लागून असतील, तर तेल नेमके कोणाचे, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच येथे भरपाईपेक्षा प्रतिबंधाचा नियम अधिक परिणामकारक ठरतो.

भाड्याच्या गाळ्यातील लघुउद्योजक दुसऱ्याच्या जागेत पक्के बांधकाम करण्यास धजावत नाही, हेही खरे आहे. सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमातून सामाईक सुविधा केंद्रांना साहाय्य मिळते. सामाईक तेलसाठा आणि टाकाऊ तेलाचे संकलन यांचा तेथे प्राधान्याने विचार व्हावा. भोसरी, सातपूर येथील लघुउद्योजकांनाही हे तितकेच लागू आहे. कारण दख्खनच्या काळ्या पाषाणातील भूजलही बऱ्याच अंशी भेगांमधूनच वाहते. परवान्याची गरज नसलेल्या पिंपालाही बांधाची गरज असते, एवढे भान उद्योजक आणि प्रशासन या दोघांनीही ठेवावयास हवे.