शिल्लक जागेचा हिशेब : प्रायोगिक कार्यप्रणालीतील डिस्कमापनाच्या विसंगती

डिस्कवर किती जागा शिल्लक आहे, हा प्रश्न वरकरणी साध्या वजाबाकीचा वाटतो. तथापि एकाच डिस्कविषयी दोन साधने दोन भिन्न उत्तरे देतात, हा अनुभव संगणकावर संशोधन करणाऱ्यास केव्हा ना केव्हा येतोच. युनिक्स परंपरेतील 'डीएफ' ही आज्ञा फाइलव्यवस्थेने स्वतः राखलेला हिशेब वाचून दाखविते. 'डीयू' ही आज्ञा निर्देशिकांतून फिरून एकेका फाइलीची मोजदाद करते. पहिली म्हणजे तलाठ्याचे दप्तर, दुसरी म्हणजे शेतातील प्रत्यक्ष मोजणी. दोहोंचा मेळ बसला नाही, एवढ्यावरून जमीन हरवली असे कोणी म्हणत नाही. फरक कोठून आला, हे पाहतो. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

या फरकाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांच्या ४३५ जोड्या होतात. उदाहरणादाखल असे मानू की, प्रत्येक जोडीसाठी २,०४८ वारंवारता-पट्टे, दोन ध्रुवणे आणि प्रत्येक मापास ८ बाइट लागतात. मग एक नोंद सुमारे १.४३ कोटी बाइटांची होते. दर २ सेकंदांस एक नोंद घेतल्यास १० तासांत सुमारे २५७ अब्ज बाइट साठतात. निरीक्षण चालू असताना डिस्क भरली, तर त्या क्षणीचे आकाश पुन्हा नोंदविता येत नाही. अतएव आरंभी मिळालेला शिल्लक जागेचा आकडा नेमके काय सांगतो, हे जाणणे अगत्याचे ठरते.

पहिली पायरी एककांची. गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट मानल्यास वरील राशी २५७ भरते. १,०२४ चा घन मानल्यास २३९. येथे १८ चा फरक पडला, पण एकही बाइट नाहीसा झाला नाही.

दुसरी पायरी, डीएफने दाखविलेला वापर डीयूच्या बेरजेपेक्षा अधिक असण्याची. पुसलेली फाइल एखाद्या चालू कार्यक्रमाने उघडी ठेवली असेल, तर तिचे नाव जाते, म्हणून डीयूस ती दिसत नाही; परंतु तिचे खंड मुक्त होत नाहीत. तसेच एखाद्या निर्देशिकेवर दुसरी डिस्क जोडली असता खालच्या फाइली झाकल्या जातात. वापरलेली व उपलब्ध जागा मिळून एकूण जागा होत नसेल, तर राखीव भाग पाहावा. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणात मृतसाठ्याचे पाणी असते, पण ते कालव्यास मिळत नाही. त्याचप्रमाणे 'एक्स्ट' जातीच्या फाइलव्यवस्था सामान्यतः ५ टक्के खंड व्यवस्थापकासाठी राखून ठेवतात.

प्रायोगिक प्रणालीत मात्र दप्तराची कल्पनाच बदललेली असते. बेल प्रयोगशाळेत घडलेली, १९९२ साली विद्यापीठांस प्रथम मिळालेली आणि २०२१ साली प्लॅन नाइन फाउंडेशनकडे आलेली 'प्लॅन नाइन' ही कार्यप्रणाली याचे उत्तम उदाहरण होय. तीत चालू प्रक्रिया, संगणकजाल आणि पडदाही फाइलींच्या रूपाने दिसतात. त्यांपैकी पुष्कळांमागे डिस्क नसतेच. तिच्या '९पी२०००' या संभाषणनियमात 'शिल्लक जागा किती?' हा प्रश्नच नाही. लिनक्सवर या नियमाने जोडलेल्या फाइलव्यवस्थेविषयी डीएफला विचारल्यास आकार शून्य मिळतो. या शून्याचा अर्थ 'डिस्क भरली' असा नव्हे. 'विचारण्याची सोय नाही' एवढाच आहे.

खरे उत्तर 'फॉसिल' या फाइलसेवकाच्या नियंत्रणपटलावरील डीएफ आज्ञेने मिळते. परंतु फॉसिल फाइलव्यवस्थेच्या क्षणप्रती, म्हणजे त्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, राखतो. एखादी तात्पुरती क्षणप्रत खंडांस धरून असेल, तोवर फाइल पुसूनही जागा सुटत नाही. अशा वेळी जुन्या क्षणप्रती काढाव्या लागतात. कायमच्या क्षणप्रती 'व्हेंटी' या संग्रहात जातात. व्हेंटी प्रत्येक खंड त्याच्या आशयावरून काढलेल्या २० बाइटांच्या ठशाने ओळखते आणि तोच खंड दुसऱ्यांदा साठवीत नाही. म्हणून सात दिवसांच्या क्षणप्रतींवर डीयू चालविल्यास न बदललेली फाइल सात वेळा मोजली जाते. जागा मात्र तिने एकदाच घेतलेली असते. येथे मोजणीच दप्तरापेक्षा मोठी होते.

आकडे जुळत नाहीत असे दिसताच दुरुस्तीचे साधन चालविण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोडलेल्या, वापरात असलेल्या फाइलव्यवस्थेवर दुरुस्ती केल्यास निर्दोष हिशेबही बिघडू शकतो. प्रथम एकके, मग उघड्या व झाकलेल्या फाइली, मग राखीव भाग, मग क्षणप्रती व सामाईक खंड, हा क्रम पाळावा. या सर्वांतूनही फरक उरला, तरच फाइलव्यवस्था अलग करून प्रथम केवळ वाचनापुरती तपासणी करावी आणि दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात; ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.