वणव्याची वर्दी : उपग्रहाची आणि गावाची

होळीच्या सुमारास गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील जंगलात पानगळ होऊन जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. याच दिवसांत मोहफुले गळू लागतात आणि पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतो. या काळात जंगलास लागणारी आग क्वचितच निसर्गतः लागते. बहुतेक वेळा ती माणसाच्या हातून लागते. मोहाखालची जागा साफ व्हावी म्हणून पाला पेटविणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे जाळणे, बांधावरील गवत जाळणे, विडीचे थोटूक टाकणे ही तिची नेहमीची कारणे होत.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. एवढ्या विस्तृत प्रदेशावर वनरक्षकाने पायी फिरून नजर ठेवावी म्हटले तर ते शक्य नाही. म्हणून आता या कामी उपग्रहांचे साहाय्य घेतले जाते. उपग्रहांच्या नोंदींत जास्त वणवे आढळणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव येत आले आहे, ही गोष्ट येथील प्रत्येक गावाने मनावर घेण्यासारखी आहे.

उपग्रहाला वणवा कसा दिसतो ?

तापलेल्या प्रत्येक वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडतात. उपग्रहावरील यंत्र हे किरण टिपते. एखाद्या ठिकाणाची उष्णता सभोवतालच्या जमिनीपेक्षा फार अधिक आढळली की तेथे आग असावी, असे अनुमान काढले जाते. हे यंत्र रात्रीही काम करते.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९९९ मध्ये 'टेरा' व २००२ मध्ये 'अॅक्वा' हे उपग्रह सोडले. त्यांच्या नोंदींच्या आधारे डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून वणव्याची सूचना देण्यास प्रारंभ केला. त्या यंत्राचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर लांबीरुंदीचा, सुमारे अडीचशे एकरांचा चौकोन होता. पुढे २०११ मध्ये सोडलेल्या 'सुओमी एनपीपी' या उपग्रहावरील यंत्राचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे पस्तीस एकरांचा आहे. ठिपका लहान झाल्याने लहान वणवेही नोंदले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात या यंत्राने देशातील जंगलांत ३,४५,९८९ आगींची नोंद केली.

उपग्रहाकडून आलेली माहिती हैदराबादजवळील शादनगर येथील केंद्रात उतरविली जाते. तेथून ती डेहराडूनला जाते. तेथे ती जंगलाच्या नकाशावर मांडून, ठिपका कोणत्या वनपरिक्षेत्रात व कोणत्या बीटात पडला हे ठरविले जाते आणि संबंधितांच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठविला जातो. केवळ वनाधिकाऱ्यांनाच नव्हे, तर नाव नोंदविणाऱ्या कोणाही नागरिकास हा संदेश मिळू शकतो.

उपग्रहाला काय दिसत नाही ?

वणवा पाहणारे हे उपग्रह एकाच जागी थांबून राहत नाहीत. वर सांगितलेला ३७५ मीटरच्या ठिपक्याचा उपग्रह दुपारी दीडच्या व रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. सकाळी आठला मोहाखाली पेटविलेला पाला अकराला विझला, तर त्याची नोंद होतेच असे नाही. तोच पाला धुमसत राहून सायंकाळच्या वाऱ्याने पसरला, तर रात्रीच्या फेरीत तो वणवा म्हणून दिसतो. परंतु तोवर पुष्कळ जंगल जळून गेलेले असते. दाट झाडीखालील मंद आग व ढगांखालील आगही नजरेतून सुटते.

उलटपक्षी, प्रत्येक ठिपका वणवाच असतो असेही नाही. वीटभट्टी, कारखान्याची भट्टी किंवा खाणीत पेटलेला कोळसा यांचीही उष्णता उपग्रह टिपतो. चंद्रपूर परिसरात औष्णिक वीजकेंद्र व कोळशाच्या खाणी असल्याने तेथे ही दक्षता विशेष आवश्यक ठरते. तसेच पस्तीस एकरांचा एक ठिपका म्हणजे पस्तीस एकर जंगल जळाले, असा अर्थ नव्हे. त्या चौकोनात कोठेतरी आग आहे, एवढेच त्यावरून कळते. खरी स्थिती जागेवर जाऊनच समजते.

धुराचे मोजमाप

वणव्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व अतिसूक्ष्म कण असतात. यांपैकी अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात व श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर उतरतात. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व दम्याचे रोगी यांना त्यांचा त्रास अधिक होतो. तोंडाला साधे फडके बांधल्याने हे कण पुरेसे अडत नाहीत.

२०१७ मध्ये युरोपातील देशांनी सोडलेला 'सेंटिनेल-५पी' हा उपग्रह हवेतील कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू मोजतो. अन्य उपग्रह हवेतील धूलिकणांमुळे सूर्यप्रकाश किती अडतो हे पाहतात. त्यांवरून धूर कोणत्या दिशेने व किती दूर गेला हे समजते. परंतु उपग्रह जमिनीपासून आकाशापर्यंतचा हवेचा सबंध थर एकदम पाहतो. गावकरी ज्या हवेत श्वास घेतात ती नेमकी किती दूषित आहे, हे जाणण्यास जमिनीवरील मापनयंत्रेच लागतात. थंड पहाटे धूर वर न चढता जमिनीलगत कोंडून राहतो, आणि मोह वेचणारी माणसे नेमकी त्याच वेळी जंगलात असतात. चंद्रपूरसारख्या औद्योगिक प्रदूषण असलेल्या भागात वणव्याचा धूर या प्रदूषणात भर घालतो.

गावाचे नुकसान

वणव्यात मोठा मोहवृक्ष सहसा मरत नाही. त्यामुळे आगीने काही बिघडत नाही अशी समजूत होते. वस्तुतः मागील पावसाळ्यात उगवलेली मोहाची रोपे दरवर्षीच्या आगीत जळतात. नवे झाड फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. जुनी झाडे पडतील तेव्हा त्यांची जागा घेण्यास नवी झाडे नसतील, आणि पुढील पिढीची मोहफुले आजच्या आगीत गेलेली असतील.

पाल्याचे आच्छादन जळाल्याने उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. ती उतारावरील बोड्यांत व माजी मालगुजारी तलावांत साचते. गाळामुळे पाणीसाठा घटतो व धानाच्या बांध्यांना ऐन गरजेच्या वेळी पाणी कमी पडते.

काय करावे ?

१. मोहाखालचा पाला जाळू नये. तो झाडून बाजूस करावा किंवा झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करावीत. जाळीत पडलेली फुले स्वच्छ राहतात.

२. तेंदूच्या झुडपांना आग न लावता वेळेवर छाटणी करावी. छाटणीनेही कोवळी पाने फुटतात.

३. गावाभोवतीच्या जाळरेषा हंगाम सुरू होण्यापूर्वी वनरक्षकाच्या सल्ल्याने साफ कराव्यात.

४. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व गावातील दोन-तीन तरुणांनी भारतीय वन सर्वेक्षणाच्या संदेशासाठी नाव नोंदवावे. आग दिसताच, उपग्रहाच्या संदेशाची वाट न पाहता, वनरक्षकास किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

५. प्रत्येक आगीची तारीख, वेळ, ठिकाण, कारण व अंदाजे जळालेले एकर गावच्या वहीत लिहावे. संदेश येऊनही आग आढळली नाही, तर तेही लिहावे. उपग्रहाच्या नोंदी पडताळून पाहण्यास अशी माहिती फार उपयोगी पडते.

६. धूर दाटलेल्या दिवशी मुलांना व आजाऱ्यांना धुरापासून दूर ठेवावे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना तसे हक्क मिळाले असून बांबू व तेंदू यांचे उत्पन्न त्यांच्या हाती येत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाच्या रक्षणाचा अधिकारही ग्रामसभेस दिला आहे. अशा गावांत जळणारे जंगल हे गावाचेच उत्पन्न होय. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधील बारा तास गावालाच पहारा द्यावा लागतो. म्हणून मोहाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभा भरवून पहाऱ्याच्या पाळ्या ठरवाव्यात आणि नोंदवही कोणी ठेवावी हेही त्याच सभेत नक्की करावे.