कळसूबाईवर अर्धी कळसूबाई: देशांतर्गत विमानातली हवा

परदेशातून मुंबईला उतरलात आणि पुढे नागपूर गाठायचं असेल, तर त्या दीड तासाच्या विमानाचं तिकीट काढताना एक प्रश्न हमखास येतो. चहासुद्धा विकत घ्यावा लागणारं स्वस्त विमान घ्यायचं, की जेवण आणि सामान तिकिटातच धरलेलं ‘फुल सर्व्हिस’? हा दुसरा प्रकार भारतात आता फारसा उरलेला नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेजची उड्डाणं २०१९ मध्ये थांबली आणि विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तरीही आईबाबांचं तिकीट काढायची वेळ आली की आपण इथे बसून चार पैसे जास्त टाकतो. त्यांना त्रास नको, एवढाच हिशोब असतो.

त्या जास्तीच्या पैशांत काय मिळतं? बॅग नेता येते, ट्रे येतो, गुडघ्यांना कदाचित इंचभर जास्त जागा मिळते. एक गोष्ट मात्र कोणत्याही तिकिटात बदलून मिळत नाही, ती म्हणजे हवा. इकॉनॉमीतल्या शेवटच्या रांगेत जो हवेचा दाब असतो, तोच पडद्यापलीकडच्या रुंद खुर्च्यांवर आणि तोच स्वस्तातल्या विमानात. वयस्कर माणसाला प्रवास कसा जाईल, हे पुष्कळदा या दाबावर ठरतं. तिकीट काढताना मात्र त्याचा विचार आपण कधी करत नाही.

विमान ३५ हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास तापमान आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम चौथा हिस्सा दाब असतो. तिथे आपण काही मिनिटंही शुद्धीवर राहू शकणार नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. पण ती जमिनीवरच्या दाबाइतकी भरत नाहीत. नियम असा की केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २४४० मीटर उंचीवरच्या दाबापेक्षा खाली जाता कामा नये. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई रचा आणि तिथे, वीसेक मिनिटांत, घाम न गाळता जाऊन बसा. प्रत्येक विमान प्रत्येक वेळी ही मर्यादा गाठतंच असं नाही. सहा ते आठ हजार फूट हा नेहमीचा टापू.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ट्रेकडे बघा. दह्याच्या डबीचं झाकण टम्म फुगलेलं असतं, वेफर्सचं पाकीट उशीसारखं झालेलं असतं. दाब पाऊण झाला की कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते. तुमच्या पोटातली हवाही हाच नियम पाळते, त्यामुळे विमानतळावर राजमा खाऊन चढणाऱ्याला शेजारी म्हणून मी तरी निवडणार नाही. चहाचंही तसंच. या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, मग तो चहा आईच्या हातच्या चहासारखा कसा लागणार?

जेवण बेचव लागतं त्यात स्वयंपाक्याचा दोष असतोच असं नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये लुफ्तान्सासाठी कमी दाबाच्या खोलीत, विमानाच्या खऱ्या सांगाड्यात माणसं बसवून त्यांना जेवू घातलं. मीठ आणि साखर नेहमीपेक्षा कमी जाणवते, असं दिसलं. हवा कोरडी असते, नाक कोरडं पडतं आणि चवीतला मोठा भाग तर वासाचाच असतो. शिवाय आवाज. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की विमानातल्या आवाजाइतक्या, म्हणजे ८५ डेसिबलच्या आसपासच्या गोंगाटात गोड चव मंदावते, आणि टोमॅटो, मशरूम यांच्यातली ‘उमामी’ चव उलट खुलते. माझ्या मते आपली टोमॅटोची ग्रेव्ही आणि खडा मसाला या कसोटीला उकडलेल्या भाज्यांपेक्षा जास्त उतरतात. ट्रेमधला गुलाबजाम फिका लागला तर दोष थोडा इंजिनालाही द्या.

आता मुळातला प्रश्न. केबिनमध्ये जमिनीइतका दाब का ठेवत नाहीत? कारण विमान हा एक फुगा आहे, आणि तो रोज अनेकदा फुगवावा आणि सोडावा लागतो. आतला दाब आठ हजार फुटांचा ठेवला तरी ३५ हजार फुटांवर केबिनच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला आतून पाच टनांहून जास्त रेटा बसतो. जमिनीइतका दाब ठेवला तर तो पावणेआठ-आठ टनांवर जाईल. एकदा सहन करायला धातू तयार असतो, हजारो वेळा सहन करताना तो थकतो. तार वाकवून सरळ करत राहिलं की ती तुटते, तसंच.

हे ज्ञान फार महागात पडलं. पहिलं प्रवासी जेट विमान, ब्रिटिश बनावटीचं कॉमेट, १९५२ मध्ये सेवेत आलं. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली, एकूण ५६ माणसं गेली. फार्नबरोच्या अभियंत्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि दाब चढवत-उतरवत राहिले. आधीची उड्डाणं धरून सुमारे तीन हजार फेऱ्यांनंतर कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांपाशी तडा गेला. त्यानंतरचं प्रत्येक विमान हा धडा शिकूनच बांधलं गेलं.

देशांतर्गत विमानांचा इथे खास संबंध येतो. लांब पल्ल्याचं विमान दिवसातून एक-दोनदा फुगतं, दीड तासाच्या फेऱ्या करणारं पाच-सहा वेळा. एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांदरम्यान छोट्या फेऱ्या मारणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडतानाच फाटून गेलं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली, तरी वैमानिकांनी उघडं विमान सुखरूप उतरवलं. त्या विमानाच्या जवळजवळ ९० हजार फेऱ्या झाल्या होत्या. तेव्हापासून जुन्या विमानांच्या तपासण्या फार कडक झाल्या, त्यामुळे हे वाचून तिकीट रद्द करू नका. पण केबिनचा दाब आठ हजार फुटांच्या हिशोबाने का ठेवतात, हे यावरून कळावं.

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ही विमानं कार्बन-तंतूंची आहेत, ती धातूसारखी थकत नाहीत. त्यांच्यात केबिन सहा हजार फुटांच्या आसपास ठेवतात. म्हणून एक गंमत होते. आईबाबा ७८७ मधून चौदा तास प्रवास करून ठणठणीत उतरतात आणि पुढच्या ए३२० किंवा ७३७ मधल्या दीड तासात त्यांना जास्त विरळ हवा मिळू शकते. ‘एवढ्या लांबचा प्रवास झेपला, आता काय, नागपूर तर आहे’ असं म्हणताना हे लक्षात असू द्या.

विरळ हवेने नेमकं काय होतं? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा धरून ठेवतं, याचा आलेख आपल्या सह्याद्रीच्या नकाशासारखा असतो. उजवीकडे देशावरचं सपाट पठार, डावीकडे कोकणात कोसळणारा कडा. धडधाकट माणसाच्या धमन्यांतल्या ऑक्सिजनचा दाब जमिनीवर ९५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, म्हणजे तो पठारावर आत, चांगला पुण्या-साताऱ्याला उभा आहे. आठ हजार फुटांच्या केबिनमध्ये हा दाब ६० च्या आसपास उतरतो, पण पठार सपाट असल्यामुळे बोटावरच्या यंत्रातला आकडा ९७ वरून ९० पर्यंतच येतो. त्या माणसाला बहुधा काही जाणवतही नाही, झोप येते इतकंच.

आता दम्याने किंवा वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसं थकलेले काका घ्या. जमिनीवर त्यांचा दाब ७०, यंत्रावर ९४. ‘तसे बरे आहेत’ असं आपण म्हणतो. पण ते उभे आहेत लोणावळ्याला, कड्याच्या तोंडाशी. केबिनमध्ये त्यांचा दाब फक्त २० ने उतरून ५० झाला, तरी आकडा ८४ च्या घरात जातो. धडधाकट माणूस ३५ ने उतरला तेव्हा सात टक्के गेले होते, काका २० ने उतरले आणि दहा गेले. त्यात स्वच्छतागृहापर्यंत चालत गेले की आकडा आणखी खाली. म्हणून रुंद खुर्चीपेक्षा स्वच्छतागृहाजवळची खुर्ची त्यांच्या जास्त उपयोगाची.

कोविडपासून ते बोटाचं यंत्र प्रत्येक घरात आहे. त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. बोटं गार असली तर ते कमी दाखवतं आणि त्वचा गडद असली तर जास्त दाखवू शकतं. अमेरिकेतल्या काळ्या वर्णाच्या रुग्णांच्या बाबतीत २०२० मध्ये हे ठळकपणे समोर आलं, आणि आपल्यातलेही बरेचजण गोरे नाहीत. जिना चढताना धाप लागते का, हे विचारणं केव्हाही चांगलं. शंका असेल तर छातीच्या डॉक्टरांना सांगून चाचणी करता येते. जमिनीवरच वीसेक मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात आणि रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते पाहतात. गरज निघाली तर ऑक्सिजनची सोय विमान कंपनीला आधी कळवून, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म भरून करावी लागते. घरचं सिलिंडर सहसा चालत नाही. आणि छतातून पडणारे ते पिवळे मुखवटे यासाठी नसतात. त्यांचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटांपुरताच असतो, विमान खाली येईपर्यंत.

फुगलेल्या दह्याच्या डबीची आठवण आणखी एका ठिकाणी ठेवा. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरघळून जाण्याआधी विमानात बसलं तर बुडबुडा फुगून दृष्टी जाऊ शकते. हे मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेबद्दल नाही. पण ‘डोळ्याचं छोटंसं ऑपरेशन झालंय’ असं आई फोनवर म्हणाली, तर कोणतं ते विचाराच.

कानांचं थोडक्यात. चढताना कानातली जास्तीची हवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपोआप निसटते. उतरताना मात्र ती नळी आपल्याला उघडावी लागते, म्हणून दडे उतरताना बसतात. पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या हवाईसुंदरी गोळ्या आणि कापसाचा ट्रे फिरवायच्या. गोळी चघळलं की आवंढा गिळला जातो आणि नळी उघडते, त्यात पक्कं शास्त्र होतं. (कापसाने आवाज कमी होतो, दाबाचं काही होत नाही.) तान्ह्या बाळाला उतरतानाच दूध द्या, आणि आईबाबांना सर्दी असेल तर विमान खाली यायला लागल्यावर झोपू देऊ नका.

शेवटी व्हीलचेअर. ती मागवताना आपण पहिला पर्याय टिचकी मारून मोकळे होतो. तिथे तीन सांकेतिक नावं असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांबचं अंतर चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे खुर्चीपर्यंत न्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय विमानाला बहुतेक वेळा थेट पूल लागतो, त्यामुळे पहिला पर्याय खपून जातो. देशांतर्गत विमान मात्र पुष्कळदा लांब उभं असतं, बसने जायचं आणि शिडी चढायची. काकांच्या नावापुढे पहिला पर्याय असेल, तर शिडीपाशी व्हीलचेअर थांबते आणि विमानाचं दार बंद होण्याआधीच त्यांना धाप लागलेली असते. त्यांच्यासाठी दुसरा पर्याय निवडा. मग त्यांना उचलून दारापर्यंत नेणारी गाडी मिळते, आणि त्यासाठी वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.