झाडाची वंशावळ: नोंदवहीतली आणि डीएनएमधली

संकराची नोंद झाली म्हणजे झाडाचे पालक ठरले, असे सर्रास मानले जाते. ‘हनीक्रिस्प’ सफरचंदाने हा समज खोटा ठरवला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये प्रसारित केलेल्या या वाणाचे पालक ‘मकून’ आणि ‘हनीगोल्ड’ असे नोंदलेले होते. डीएनए मार्करच्या, म्हणजे वारसा ओळखण्यासाठी वापरायच्या डीएनएमधील ठरावीक खुणांच्या, तपासणीत दोघेही बाद झाले. एक पालक ‘कीपसेक’ निघाला. दुसरा बहुधा विद्यापीठाचीच, कधी बाजारात न आलेली एमएन १६२७ ही निवड असल्याचे २०१७ मध्ये पुढे आले. फळझाडांच्या पैदाशीत पेरणीपासून प्रसारणापर्यंत दशके जातात. तेवढ्या काळात एखादी चिठ्ठी बदलली किंवा फुलावर पिशवी घालण्याआधीच परका पराग पडला, तरी चूक नोंदीत कायमची राहते.

डीएनए चाचणी पालक ‘सिद्ध’ करते, हाही गैरसमजच. तिचे खरे बळ नाकारण्यात आहे. पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये प्रत्येक ठिकाणी रोपाला एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. समजा, एका ठिकाणी रोपात १५० आणि १५८ बेस-जोड्या लांबीचे तुकडे आहेत व आईकडे दोन्ही १५० चेच आहेत. मग १५८ बापाकडूनच यायला हवा. मानलेल्या बापाकडे १५४ आणि १६२ असतील, तर त्याच्यावर संशय येतो. मात्र एकाच ठिकाणच्या विसंगतीवर निकाल देत नाहीत, कारण उत्परिवर्तन किंवा वाचनातली चूकही असू शकते. अनेक ठिकाणी जुळले तरी पालकत्व संभाव्यतेच्याच भाषेत सांगितले जाते. खरा पालक तपासलेल्या झाडांत नसेल, तर त्याचा जवळचा नातलगही फसवू शकतो.

आई कोण, बाप कोण, हे केंद्रकातील मार्करवरून कळत नाही. त्यासाठी हरितलवकाचा डीएनए पाहतात. बहुतेक सपुष्प झाडांत तो आईकडून येतो, पाइनसारख्या सूचिपर्णींत मात्र परागातून. म्हणजे नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेल्या ‘रत्ना’ आंब्याला जी रीत लागू, ती पाइनला उलटी लागते.

नमुन्याकडेही लक्ष हवे. कलमी झाडाच्या जोडाखालून फुटलेल्या फांदीचे पान घेतले, तर वंशावळ खुंटाची निघते. बहुभ्रूणी (एका कोयीत अनेक भ्रूण असणाऱ्या) आंब्याच्या कोयीतली काही रोपे तर परागण होऊनही आईची हुबेहूब प्रत असतात. त्यांच्यात बाप सापडतच नाही.

मार्कर वापरले म्हणजे झाड जनुकबदल केलेले, असेही नाही. चाचणीसाठी पानातला डीएनए फक्त वाचला जातो, झाडात काही घातले जात नाही.