कानशिलाचे हाड

कवटी म्हटले की मसणवटा आठवतो. काही माणसे तर नाव काढले तरी तोंड फिरवतात. पण प्रत्येकाची कवटी त्याच्याच मानेवर बसलेली आहे. तिला भ्यायचे कशाला? आज ती बाजूने पाहू. पाहायला आपला हात पुरे.

भुवईवर बोट ठेवा. हे कपाळाचे हाड. तिथून हात वर, टाळूकडे न्या. वरचे आणि बाजूचे हाड लागेल. असे एक डावीकडे, एक उजवीकडे. मागे मानेच्या वर जे गोल आणि जाड लागते, ते डोक्याच्या मागचे हाड. आणि कानाभोवती आहे ते कानशिलाचे हाड. कानामागचा टणक उंचवटा त्याचाच.

मेंदूच्या पेटीची हाडे 8, तोंडाची 14. मिळून 22. त्यांत हलतो फक्त खालचा जबडा. बाकीची हाडे एकमेकांत अडकलेली असतात. त्यांची शिवण सरळ नसते, नागमोडी असते. तान्ह्या मुलाच्या या शिवणी सैल असतात, म्हणून त्याची टाळू उडताना दिसते. पुढची टाळू बहुधा दीड-दोन वर्षांत भरते.

आता डोळा आणि कान यांच्या मधे, जरा वर, दोन बोटे ठेवा. दात दाबून चावा. आत काही फुगते ना? तो चावण्याचा स्नायू. तो पंख्यासारखा पसरलेला असतो. खाली गालाच्या हाडाची कमान आहे, तिच्या आतून तो जबड्याला जाऊन मिळतो.

याच जागी चार हाडे एकत्र येतात, आणि हाड फार पातळ असते. वाईट गोष्ट अशी, की त्या पातळ हाडाच्या आतून एक रक्तवाहिनी गेलेली आहे. बैलाने मारले, झाडावरून पडला, फटफटी घसरली, आणि मार कानशिलावर बसला, तर हाड तडकते. त्याबरोबर ती वाहिनी फाटते. रक्त बाहेर दिसत नाही. ते हाड आणि मेंदूवरचा पडदा यांच्या मधे साचू लागते.

इथेच माणसे फसतात. मार लागलेला गडी थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग उठतो. बोलतो, चहा पितो, "काही नाही झालं" म्हणतो. घरचे हळद लावतात आणि म्हणतात, "निजू द्या त्याला." आत रक्त साचतच असते. काही तासांनी डोके ठणकते, ओकाऱ्या होतात, हाक मारली तरी तो नीट जागा होत नाही. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते. तेव्हा एक-एक मिनिट मोलाचे असते.

म्हणून डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, तर माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात 108 नंबर फिरवला की गाडी येते. वाटेत खायला-प्यायला देऊ नये. मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढून साचलेले रक्त दिसते. डॉक्टर हाड उघडून ते काढतात आणि वाहिनी बंद करतात. वेळेवर झाले तर पुष्कळ माणसे बरी होऊन घरी येतात.

डॉक्टर विचारतील ते लक्षात ठेवा: किती वाजता लागलं, किती वेळ शुद्ध नव्हती, ओकारी किती वेळा झाली.